आवाज बंद करून पाहिलेला सिनेमा

धामणकर नाका, भिवंडी
१२ जानेवारी १९९७

चि. कमळीस,

आजीचे आशीर्वाद आणि सोबत एक धपाटा. धपाटा पाकिटात मावला नाही, आलीस की घे. इकडे सगळे बरे आहेत. माझे गुडघे तेवढे स्वतःच्या मर्जीने चालतात.

अक्षर ओळखलं असशीलच. मी बोलते आणि सुरैया लिहिते. ज्यांच्या लूमवर माझे हात झिजले, त्या मोहिउद्दीन शेठची पोर आता माझी कारकून. माझं 'न्हाय' ती 'नाही' करते, म्हणून पत्रात मी शिकलेली वाटेन. फसू नकोस.

तुझी कॅसेट मिळाली. आजीसाठी पाठवलीस म्हणे. आपल्याकडे व्हीसीआर नाही आणि सुरैयाकडे आहे, हे तुला ठाऊक नसेल, नाही का? वर 'शैक्षणिक' लिहिलंस ते बरं केलंस. तुझ्या बापाने, भाऊने, तेवढं वाचलं आणि निमूट नाक्यावर चहाला गेला. पोलिसालाही तो इतका भीत नाही.

सिनेमा परक्या मुलखातला, एक शब्द कळला नाही. पण तीस वर्षं मी लूमच्या खडखडाटात सुताच्या कांड्या भरल्या. तिथे कानाला काम नाही, समोरच्याचे ओठ आणि हात बघून समजायचं. मी म्हटलं, आवाज बंद कर, म्हणजे नीट कळेल. कळलं. सिनेमातल्या त्या दोघी पोरी बंदराच्या धक्क्यावर हातात हात घेऊन बसल्या, तेव्हा सुरैयाच्या आईचा, मेहरुन्निसाचा अडकित्ता थांबला. मग म्हणाली, "थंडी असेल तिकडे." फक्त सिनेमातल्या त्या कारखान्यात मासे साफ करायची रीत चुकीची. पित्त फोडतात मेले. कालवण कडू होणार.

मग सुरैयाने त्याच सिनेमावरचा तुझा मासिकातला लेख वाचून दाखवला. 'व्यवस्था' अकरा वेळा, 'विचारसरणी' नऊ वेळा, मी बोटांवर मोजत होते. शाळा, चर्च, कारखाना आणि आईबाप मिळून पोरींना एकाच साच्यात बसवतात, असं तुझं म्हणणं. असेल. पण एक पोर बोटीने शिकायला निघून जाते आणि दुसरी एप्रनसकट धक्क्यावर उभी राहते, तिच्यावर तुझी एक ओळ नाही. मी विचारलं, तिचं पुढे काय? सुरैया म्हणाली, "आजी, लेखात नाही."

शेवटी माझे आभार. निरक्षर असून नातीला बाहेर शिकायला धाडणारी आजी, म्हणजे व्यवस्थेला पडलेली पहिली चीर. मी पदराने तोंड पुसलं. घाम आला नव्हता.

त्यावर बोलायचं आहे. आधी तुझ्यासाठी आलेल्या दापोड्याच्या स्थळाचं सांगते. मुलगा गोदामात मुकादम, स्वभावाने गरीब, कान मोठे. येत्या रविवारी भाऊशी बोलणी करायला येणार होते. मी मुलाच्या मावशीला निरोप धाडला, पोरीचं शिक्षण अजून सहा वर्षं आहे, त्यानंतर परीक्षा. आता येत नाहीत. भाऊ माझ्याशी बोलत नाही, घरात छान शांतता आहे.

आता ते. सुरैया, थांबू नकोस, लिही.

तुझी बारावी झाली त्या उन्हाळ्यात तू आणि सुरैया, दोघी लूमच्या कारखान्याच्या दोन टोकांना उभ्या राहून नुसत्या ओठांनी बोलायच्या. ही विद्या माझ्याकडूनच शिकलात आणि मलाच विसरलात. मी मधे बसलेली. तू हिला म्हणालीस, "तू नसलीस की मला भात गिळवत नाही." दुपारी तू तीनदा भात वाढून घेतला होतास, तरी मला ते खोटं वाटलं नाही. संध्याकाळी मी भाऊला सांगितलं, पोरीला पुण्याच्या हॉस्टेलात टाक. शिक्षणासाठी नाही गं. घाबरले. ज्या व्यवस्थेवर तू चार पानं लिहिलीस, ती इथे खाटेवर बसून सुपारी मागते.

सुरैयाने पेन ठेवलं होतं. पाणी पिऊन आली. म्हणाली, "चार वर्षं मला वाटलं, ती आपणहून गेली." म्हटलं, हेही लिही. चार वर्षांत तू दोनदा आलीस, दोन्ही वेळा ही अकलोलीला पाहुण्यांकडे गेलेली. अकलोलीला हिचं कुणी नाही.

लेखात माझं नाव त्या चर्चच्या शेजारी घाल, आणि स्वतः ये. धक्क्यावरच्या पोरीचं काय झालं ते इथे येऊन बघ. भाऊकडे मी बघते. मेहरुन्निसाचं सांगता येत नाही, पण तिने कॅसेट अजून परत दिलेली नाही.

हिच्या स्वतःच्या ओळींसाठी खाली चार बोटं जागा सोडायला सांगितली आहे. मला वाचता येत नाही, पण सुरैया लिहिताना ओठ हलवते. म्हणून अंगठा उठवून मी भिंतीकडे तोंड करून बसते.

तुला धाडणारी आणि आता बोलावणारी,
ठकुबाई
(अंगठा)

आजी खरंच भिंतीकडे बघतायत. मला भात जातो गं. तरी ये. सु.