पँट्स आत घेतल्या तो दिवस

प्रिय ठमे,

फोनवर मी ‘बरं चाललंय’ म्हणते, तू ‘बरं’ म्हणतेस. कोण कुणाला फसवतंय कोण जाणे. म्हणून लिहायला बसले.

तुझा भाचा, आपला लंबू, आता हॉस्पिटलच्या कॉटवर टेकून बसतो. चमचा तोंडापर्यंत नेताना निम्मं सांडतं, वर मलाच म्हणतो, तुझ्या हाताला चवच नाही म्हणून पळतंय. कॉलेजात लस घेऊन आला तेव्हा दंड दुखतोय म्हणून काय नाटकं केली होती त्याने! दोनेक आठवड्यांनी जिन्यात पाय लटपटले, तर मी म्हटलं, कर अजून जागरणं. मग पायांतली ताकदच गेली. डॉक्टर म्हणतात, रोगाशी लढणारी शरीराची शक्ती त्याच्याच नसांवर उलटली. लसीनंतर असं लाखांत एखाद्याला होतं. लसीमुळेच झालं असं ठामपणे सांगता येत नाही, आणि नाही असंही नाही. बहुतेक जण सावरतात म्हणे. कधी, असं विचारलं की ते चष्मा पुसायला लागतात. तुझे भाऊजी नर्सवर चिडतात, लिफ्टवर चिडतात. मी कुणाच्या नावाने बोटं मोडू ग?

परवा माझी शिंपिणीची खोड नडली. पाय वाळल्यामुळे त्याच्या पँट्स नुसत्या लोंबत होत्या. दुकानात बसून सगळ्या आत घेतल्या, जास्तीचं कापड कापूनही टाकलं. चढवायला गेले तर तो बघतच राहिला. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, आई, तू कायमचं माप घेतलंस. जुन्या मापाने शिवायला नवं कापड आणलंय, पण कात्री हातात धरवत नाही.

काल तुझे अहो येऊन गेले. म्हणाले, छकुलीला गोवराची लस द्यायला नेलंस आणि दवाखान्याच्या दारातूनच परत आणलंस. मला विचारायची तुला हिंमत झाली नाही, हे कळतं ग. इथे पलीकडच्या वॉर्डात गोवर मेंदूपर्यंत गेलेलं एक लेकरू आहे. त्याची आई मला रोज विचारते, तुमचा मुलगा बोलतो ना? म्हणून सांगते, छकुलीला घेऊन जा. काही होणार नाही असं वचन मी देऊ शकत नाही. मीच रोज घाबरून उठते. सोबत ये म्हणू नकोस, मला बघवणार नाही. पण लस दिली की फोन कर. आणि मग रोज करत जा, आज ती किती धावली ते सांगायला.

तुझीच, अजूनही दटावणारी,
ताई