विश्वजीतची नापास गाडी

खुलताबाद,
ता. ९ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला दोन वाक्यं पुरी करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. परवा हर्सूलला तुझ्या पीयूसी सेंटरवर मी सख्खा भाऊ म्हणून आलो होतो, गिऱ्हाईक म्हणून नाय. तू गाडीत बसून ॲक्सिलरेटर दाबलास, सायलेन्सरमध्ये नळी घातलीस, धुराला नापास केलंस आणि चार लोकांत म्हणालास, की असली गाडी रस्त्यावर आणायची शरम कशी वाटत नाय. शेजारचा रिक्षावाला दात काढत होता.

तुझा थाट तरी कशाचा आहे? एक खटारा व्हॅन, एक कॉम्प्युटर आणि गाड्यांच्या बुडाशी धरायची नळी. एवढ्यावर तू कलेक्टर झाल्यागत वागतोस. व्हय, सायलेन्सरच्या पुढचा तो डबा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मीच काढायला लावला. कडुबा मिस्त्री म्हणाला, डबा चोंदलाय, सरळ पाइप टाकू, मग घाटात पळते का नाय बघा. आणि पळते. काढलेला डबा त्यानंच ठेवून घेतला.

तुझ्यावाचून काही अडलं नाय. शहरात एकाला नुसता नंबर प्लेटचा फोटो पाठवला. गाडी दारातच उभी, आणि चहा संपायच्या आत पास झाल्याचं सर्टिफिकेट मोबाइलवर. तो माणूस मला ओळखतसुद्धा नाय.

दीपमाला आणि श्रेया मजेत आहेत. राग नसावा असं शेवटी लिहायची रीत आहे, पण माझा आहे आणि राहील.

तुझा,
विश्वजीत


हर्सूल,
ता. १४ नोव्हेंबर २०२५

चि. विश्वजीत यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून सातवीतलंच आहे, अक्कल त्याच्याही मागं. इंजिनातून निघणारा विषारी वायू तो डबा जाळून टाकतो. तो काढला, की सगळं विष जसंच्या तसं बाहेर. हे माझ्याकडं येणाऱ्या अडाणी माणसाला दोन मिनिटांत कळतं. तू बी.कॉम. आहेस.

पिकअप वाढला म्हणतोस. पिकअप नाय, आवाज वाढलाय. आवाजाला ताकद समजायची तुझी खोड शाळेपासूनची. कडुबानं डबा का ठेवून घेतला हेही तुला सुचलं नाय. आतल्या धातूसाठी असले डबे हातोहात विकले जातात. गाडीकडं न बघता पास करणारा तुझा सोयरा, आणि मशीनवर जे दिसलं ते सांगणारा मी वैरी. शाब्बास.

एक दिवस कुठंतरी अडवतील, मग येशील हात जोडत. मी घाईत नाय, वाट बघतो.

सौ. दीपमालाला आशीर्वाद, श्रेयाला पापा. तुझ्यावर लोभ ठेवायला जागा ठेवलीस तर ठेवीन.

तुझा दादा,
इंद्रजीत


खुलताबाद,
ता. २७ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. दादांस,
दीपमालाचा नमस्कार.

ह्यांनी तुम्हाला लिहिलेलं पत्र मला मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवलं होतं. तुमचं मी कपाटातून काढून वाचलं. आता माझं वाचा.

रविवारी आम्ही फर्दापूरला मावशींकडं गेलो होतो. येताना थंडी, म्हणून काचा बंद. श्रेया मागं झोपली. माझं डोकं ठणकत होतं. मी म्हटलं, ऊन लागलं असेल. सिल्लोडला चहासाठी थांबलो तर पोर उठेना. हलवली तर उलटी झाली आणि मान पडली. तिथल्या दवाखान्यात तिला चार तास ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो गाडीचा. खाली बघितलं तर कडुबाच्या पाइपाचं वेल्डिंग सुटलेलं, आणि धूर तळातून आत येत होता. हे दवाखान्याच्या पायरीवर रडत बसले होते. मला दया आली नाय.

श्रेया बरी आहे. ह्यांचं काय ते मी बघते. पण तुम्ही त्या दिवशी आमच्या गाडीत बसला होता. तुम्हाला आत वास आला होता का? आला असेल, तर एवढे टोमणे लिहिताना, लेकराला या गाडीत बसवू नका, एवढी एक ओळ का सुचली नाय? एकाला पळायची हौस, दुसऱ्याला बरोबर ठरायची. मला तुम्हा भावांत फरक दिसत नाय.

मी दुसऱ्या गॅरेजात नवीन कन्व्हर्टर बसवून घेतलाय. शनिवारी गाडी घेऊन येते. परक्याची समजून तपासा.

वहिनींना नमस्कार. आशीर्वाद मागत नाय, उत्तर मागते.

दीपमाला


हर्सूल,
ता. ३० नोव्हेंबर २०२५

सौ. दीपमाला हिस,

काल तू समोर उभी होतीस, तेव्हा मी नुसता मशीनच्या आकड्यांकडं बघत राहिलो. उत्तर आता लिहितो.

वास आला होता. लई उग्र. डोळे चुरचुरले, म्हणून मी काच खाली केली, बाहेर तोंड काढून श्वास घेतला आणि उतरलो. त्या गाडीत तुम्ही दोघी बसता हे मला ठाऊक होतं. पण त्या वेळी मनात विश्वजीतच होता, आणि तो चार लोकांत कसा खाली मान घालून उभा आहे, तेवढंच मी बघत होतो. पत्र लिहितानाही तेच. तुझ्या प्रश्नाचं एवढंच उत्तर आहे. याहून बरं असतं, तर काल चहा घे म्हणून तुला आग्रह केला असता.

गाडी पास झाली. आकडे चांगले आले, दोनदा तपासले. तू सर्टिफिकेट हातात घेऊन श्रेयाला गाडीत बस म्हणालीस, आणि ती नाकाला रुमाल लावून रस्त्याच्या पलीकडंच उभी राहिली. मी हाक मारली तशी आणखी मागं सरली. मग तू माझ्या टेबलावर किल्ली ठेवलीस, तिचा हात धरलास आणि दोघी बस थांब्याकडं चालत गेलात.

गाडी माझ्या दारात उभी आहे. आज तीन गिऱ्हाइकांनी विचारलं, कुणाची. मी भावाची म्हणून सांगितलं.

पत्राशेवटी आशीर्वाद लिहितात. मी कोरी जागा सोडतोय.

इंद्रजीत