एकही प्रश्न नसलेली मुलाखत

आई,

तू केलेली चीजची बानित्सा ओव्हनमध्ये तशीच आहे.

नोकरी मिळाली. दूध तपासायच्या प्रयोगशाळेतली, तीच. साहेबांनी मुलाखतीत एवढंच विचारलं, "बोगोमिलची भाची ना तू? काय राकिया गाळता हो तुम्ही घरी!" निळ्या बुचाची आपली दारूची बाटली त्यांच्या टेबलाखाली होती.

शी! महिनाभर रोज संध्याकाळी पळी घेऊन तू परीक्षक व्हायचीस. "झोर्नित्सा, ताठ बस! दुधातली भेसळ कशी ओळखशील?" चुकले की पळी आपटायचीस. आणि बाटली तू मामाकडून आधीच पोचवली होतीस?

बाहेर बाकावर आणखी मुली होत्या. त्यांना काहीच न विचारता घरी जायला सांगितलं. एकीचे ओठ अजून पुटपुटत होते, उत्तरं पाठ करत.

मी परत प्रयोगशाळेत चालले आहे. सगळ्यांना प्रश्न विचारा, मलाही विचारा, असं सांगणार. नोकरी गेली तर गेली. मामाला फोन करू नकोस.

काम पाण्यासारखं सुरळीत व्हावं म्हणून सकाळी तू माझ्यामागे उंबऱ्यावर पाणी ओतलंस. ते वाळलं. आताचं मी ओतलंय.

पुसू नकोस.

झोर्नित्सा