कुंभारीतली गृहभेट

बाई, आता मी शिक्षकांना शिकवते. तुम्ही असतात तर हसला असतात, कारण तुमच्या वर्गात उभं राहून दोन वाक्यं बोलायची म्हटलं तरी माझी बोबडी वळायची. सोलापुरातल्या आणि आसपासच्या गरीब वस्त्यांमधल्या शाळांचे नवे शिक्षक माझ्यापुढे बसतात. हॉलमधला पंखा घरघरतो, चहा गार होतो, आणि आठवीनंतर मुली शाळा का सोडतात हे मी पडद्यावर चित्रं दाखवत सांगते. ते माना डोलावतात. जेवणानंतर निम्मे पेंगतात. त्यांना काय बोलणार, मलाच माझ्या आवाजाचा कंटाळा आलाय.

आमच्याकडे तुम्ही पहिल्यांदा आलात ते अजून दिसतं. आई दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळतेय, मी शेजारी पानं कातरतेय, आठवी संपलीय आणि नववीचं नाव कोणी काढत नाहीये. तुम्ही चपला काढता, उंबऱ्यापाशी बसता आणि माझ्या हातातली कात्री घेता. शाळेबद्दल एक अक्षर नाही. तुम्ही कातरलेली पानं इतकी वाकडी, की आईने हसू लपवायला तोंडाला पदर लावला. दुसऱ्या दिवशी परत आलात, त्याच्या पुढच्या दिवशीही. शेवटी आईनेच विचारलं, बाई, शाळा कधी उघडणार? मी नववीत बसले. पुढे कधीतरी मी शहाणपणाने तुम्हाला म्हटलं, की पहिल्याच दिवशी विचारलं असतंत तर एवढे हेलपाटे वाचले असते. तुम्ही मला चांगलंच फटकारलंत. "ज्यांच्या घरातले दोन हात आपण मागतोय, त्यांच्याजवळ आधी बसायला शीक." हे वाक्य मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते.

पण त्याच्यामागोमाग हेही सांगावं लागतं, की प्रत्येक गृहभेटीचा फोटो ग्रुपवर टाका, वरून तसा आदेश आहे. कुंभारीला विडी कामगारांच्या वसाहतीजवळच्या शाळेत एक तरुण शिक्षिका आहे, करकंब गावची, नुकतीच नोकरीला लागलेली. तिच्या वर्गातली एक हुशार मुलगी नववीत येईनाशी झाली, म्हणून ती तिच्या घरी गेली, आईशी नीट बोलली, मुलगी सोमवारपासून येईल असं ठरलंही. निघताना आठवणीने तिने फोटो काढला. फोटोत मुलीच्या मांडीवर विड्यांचं सूप. फोटो ग्रुपवर गेल्याचं गल्लीत कळलं, आणि कोणीतरी त्या आईला घाबरवलं, की आता साहेब लोक बघणार, शाळकरी पोरीला कामाला लावलं म्हणून कारखान्यातून मिळणारी पानं बंद होणार. आईने मुलीची शाळाच बंद केली. शाळेत नाव नसलं की मोबाईल घेऊन कोण येतंय, असा तिचा साधा विचार.

गेल्या महिन्यात ती शिक्षिका आणि मी त्यांच्याकडे गेलो. फोटो ग्रुपवरून काढून टाकलाय, असं मी परोपरीने सांगितलं. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "तुमी फोटू काडून जाता की बाई. पानं न्हाय मिळाली तर आमी काय खायाचं?" तिचं काय चुकलं? मी खाली बसले आणि मुलीपुढची कात्री उचलली. गुडघे कुरकुरले, पण बोटांना सगळं पाठ होतं. आईने माझ्या हातांकडे पाहिलं आणि कोणाच्या घरची म्हणून आम्हा विडीवाल्यांच्या घरातल्या तेलुगूतच विचारलं. मीही तेलुगूतच सांगितलं. तिने भिजवलेल्या पानांची जुडी माझ्याकडे सरकवली. शिक्षिका अवघडून बसली होती, तिच्याही हातात कात्री दिली. तिची पानं तुमच्यापेक्षाही वाकडी. ते बघून मुलगी पहिल्यांदा हसली. शाळेचा विषय कोणीच काढला नाही. निघताना शिक्षिकेने उद्या येऊ का असं विचारलं, तर आई म्हणाली, "या की. पन मोबाईल घरी ठिवून या."

शाळा सुटल्यावर ती रोज जात राहिली, मोबाईल न घेता. फोटो नाहीत म्हणून तिच्या नावापुढे भेटी शून्य दिसतात. मला वरून विचारणा झाली, मी काहीबाही उत्तर देऊन वेळ मारून नेली. परवा मुलगी शाळेत आली. दुपारनंतर तिला कामासाठी घरी जावं लागतं, पण आली. हे सांगायला शिक्षिका माझ्या ऑफिसात आली तेव्हा मला वाटलं, आता ही पेढे काढणार. ती खुर्चीत बसली आणि पुढचं सांगू लागली. तिच्या वर्गातल्या आणखी दोघी यायच्या थांबल्या होत्या. मग एकदम म्हणाली, "मॅडम, तुमाला कदी नको वाटत नाय का हे?"

तुम्ही मला कधी दमलेल्या दिसला नाहीत. शेवटच्या आजारपणात भेटायला आले, तर तिथेही तुम्ही मुलींचीच चौकशी करत बसलात. त्यामुळे मला आयुष्यभर वाटत आलं, की दमते ती मी एकटीच, माझ्यातच काहीतरी कमी आहे. याचा मला तुमच्यावर राग आहे, बाई. खूप दिवसांचा आहे. आणि तरी मी तिला काय सांगितलं? म्हटलं, नाही, मला नाही तसं वाटत. आवाजही अगदी तुमच्यासारखा ताठ. तिचा चेहरा उतरला. चहाही न घेता गेली. आता ती दारोदार फिरेल ते मनात हेच घेऊन, की आपणच तेवढ्या कच्च्या. तिला फोन करून खरं काय ते सांगायचं, असं मी परवापासून ठरवतेय. नंबर समोर आहे. आणि मी बसलेय तुम्हाला लिहीत, कारण तुमच्याकडून उत्तर येणार नाही, तिच्याकडून येईल.