आभार राहिले

५ नोव्हेंबर
आले एकदाची! एकेचाळिसाव्या वर्षी नोकरी लागली, कंत्राटी का होईना, पण लागली. पळसदरीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी हे नवंकोरं विद्यापीठ आहे. माझं काम म्हणजे साहित्य, इतिहास, समाज अशा विषयांवर सगळ्यांना खुली असलेली व्याख्यानं ठेवायची आणि चित्रपट दाखवायचे. या सगळ्याला मानव्यविद्या म्हणतात असं बाबांना सांगितलं, तर म्हणाले, म्हणजे पोट न भरणाऱ्या सगळ्या विद्या! बाबा निवृत्त मराठीचे मास्तर, जन्मभर व्याख्यानमालांना हजेरी लावलेला माणूस. आमचं दोघांचंच घर. कर्जतमध्ये दोन खोल्या घेतल्यात. शेजारच्या शैलाताईंनी आल्याआल्या पिठलं-भाकरी आणून दिली. सभागृह तर इतकं झकास आहे की मी उगीचच दोनदा चक्कर मारून आले.

१५ नोव्हेंबर
पहिलं व्याख्यान, कोंडाण्याच्या लेण्यांवर. विद्यार्थी पुढे, मोबाइलमध्ये मान घालून. पण मागच्या रांगेत खेड्यातली म्हातारी माणसं येऊन बसली होती, टोप्या, नऊवारी, अगदी सणाला आल्यासारखी. मला भरून आलं. वक्त्यांना मुंबईला परतायची घाई होती, म्हणून आमचे संचालक अनुपम सर यांनी खूण केली आणि मी आभारप्रदर्शन गाळून टाकलं.
झालं! व्याख्यान ऐकायला आलेले बाबा उठेचनात. आभार झाल्याशिवाय उठायचं नाही ही त्यांची जुनी शिस्त. मी चिडले, चारचौघांत हाताला धरून उठवलं. गंमत म्हणजे मागची म्हातारी मंडळीही तशीच बसून होती. सरांना म्हटलं, गावातली माणसं आली बघा. ते म्हणाले, कुठली माणसं, मागे सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. सरांना चष्मा बदलायला हवा.

२९ नोव्हेंबर
आज परदेशी चित्रपट. धरणात बुडालेल्या गावाचा. दिवे लागले तर तीच माणसं, त्याच खुर्च्या, तेच कपडे. एक म्हातारी मला म्हणाली, पानी मिलंल का गं बाय? मी पेला आणून दिला. तिनं तो मांडीवर धरून ठेवला, प्यायली नाही. नजर सारखी माइककडे.
शिपायाला सांगितलं, यांना बाहेर जाऊ दे, मग कुलूप लाव. तो माझ्याकडे बघतच राहिला. आत कोणी नाही म्हणाला. पुन्हा वळून बघायचा मला धीर झाला नाही.
आभारप्रदर्शन आता कायमचं बंद. जुनाट प्रकार, असं सरांचं मत. 

१३ डिसेंबर
आज विस्थापितांवर परिसंवाद होता. गार हवेत बसून वक्ते पोटतिडकीनं बोलले आणि जेवायला पळाले. बाबा यावेळी हट्टानं मागच्या रांगेत बसले होते, त्या म्हातारीशेजारी.
त्यांना उठताच येईना. हट्ट नव्हे, पायच उचलेनात. शेवटी खुर्चीसकट गाडीत घातलं. डॉक्टर म्हणतात, काही दोष दिसत नाही. बाबा एकच सांगतात: कार्यक्रम संपलेला नाही. शेजारच्या खुर्चीतल्या बाई म्हणाल्या, आभारात आपली नावं घेणार आहेत, जरा थांबा.

१६ डिसेंबर
बाबा आडवे होत नाहीत. खुर्चीत बसून भिंतीकडे बघतात. मध्येच टाळ्या वाजवतात. शैलाताई घाबरून म्हणाल्या, अगं ऋजुता, हे कुणासाठी वाजवतात गं? जेवण तोंडातून परत येतं. हे असंच चाललं तर ते जगणार नाहीत. मला बाबा परत हवेत. बाकी सगळं गेलं खड्ड्यात.

१८ डिसेंबर
इथे आधी कुणाचे आभार राहिलेत का, असं सरांना खोदून विचारलं. त्यांनी चहा पीत पीत सांगितलं. भूमिपूजन तीन वर्षांपूर्वी होतं, मे महिन्यात. पाहुणे मांडवात, आणि जमिनी देणारे गावकरी बाहेर उन्हात खुर्च्यांवर. आभारात एकेकाचं नाव घेऊन शाल देणार असं कबूल केलं होतं. पाहुणे लवकर निघाले, सगळे त्यांच्या गाड्यांमागे धावले. आभार राहिले. गावकऱ्यांना जा म्हणून सांगायलाही कोणी थांबलं नाही. संध्याकाळपर्यंत बसले होते. अंबाबाई नावाची म्हातारी खुर्चीतच गेली, बाकीचे त्याच आठवड्यात. साधी माणसं हो, म्हणाले, उठून जायचं ना!
थोबाडीत द्यावीशी वाटली. नावं विचारली तर म्हणाले, नावं घ्यायची नाहीत, कोर्टात प्रकरण चालू आहे.

२१ डिसेंबर
शिपायाकडून पत्ता घेऊन शिळफाट्याला गेले. अंबाबाईंची नातसून श्रद्धा तिथे राहते. तिनं मला बसही म्हटलं नाही. आता नावं हवी व्हय तुमाला, तवा का नाय घेतली? मी बाबांचं सांगितलं. मग दारातच उभी राहून बोलली. धोंडी. नामा. ठकी. आबाजी. अंबाबाई. आजी मधेच उठत होती, आबाजीनंच दटावलं, आभार व्हायच्या आधी उठू नये, लोकं काय म्हनतील.
नावं घेतली की ते जातील. बाबा सुटतील. नोकरी जाईल, जाऊ दे.

२७ डिसेंबर, दुपार, सभागृहातच
चित्रपट संपला. विद्यार्थी गेले. मागची रांग भरलेली. मी माइक हातात घेतला. 
धोंडी, आपले आभार. ते उठले. हात जोडले. बाजूच्या दारानं डोंगराकडे गेले. नामा गेले. ठकीबाई गेल्या. आबाजीसुद्धा. किती हलके चालत होते! मला रडू आलं.
मग दिसलं. अंबाबाईंच्या शेजारी — बाबा.
घरच्या सदऱ्यात. पण बाबा घरी आहेत. शैलाताईंजवळ —

फोन. शैलाताई. बाबा खुर्चीतून उठताहेत गं, चेहरा अगदी हसरा, पण श्वास चालत नाहीये, धावत ये —

इथे बाबा उठले. टोपी नीट केली. दाराकडे बघताहेत. माझ्याकडे नाही. एकच नाव राहिलंय, अंबाबाईंचं. ते घेतलं की कार्यक्रम संपला, मग बाबाही त्यांच्यामागून जाणार.

नाही.

माइकवर म्हटलं, बसून घ्या. सगळ्यांनी बसून घ्या, अजून खूप वेळ आहे. बाबा बसले. अंबाबाई बसल्या. दारातून धोंडी परत आला. नामा. ठकी. मुकाट्यानं आपापल्या जागी.  आबाजीनं मान खाली घातली.

पुन्हा शैलाताई. श्वास आला. पुन्हा भिंतीकडे बघताहेत. टाळ्या वाजवल्या, ऐकू आल्या मला. फोनमधून आणि — इथूनही —

अंबाबाई विचारताहेत, आमची नावं कवा घेनार?
घेणार आहोत, म्हटलं. अगदी सरांच्याच आवाजात.

थांबता येत नाही. थांबले की ते उठतात. लिहायला थांबले तरी बाबांचे हात खुर्चीच्या दांड्यावर — बसा बाबा — मित्रहो, यानंतर आपण —