गिनती चालू असताना पाणी नाही

उस्ताद, एक जळालेली मोटर पुन्हा बांधायला खरं काय लागतं ते आज नीट सांगतो. तांब्याची तार, खाचांत घालायचा कागद, वार्निश, आणि सकाळी शटर उघडल्यापासून दुपारच्या नमाजापर्यंत तुम्ही न प्यायलेलं पाणी. पहिल्या तीन गोष्टी तुम्ही गिऱ्हाइकाला सांगायचात. चौथी कुणालाच सांगितली नाहीत. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, पण राग या आठवड्यातला आहे, ताजा.

माझी मुलगी फळमाशांवर संशोधन करते. सडक्या केळ्यावर घोंगावतात ना, त्याच. एवढं शिकून पोरगी चिलटं मोजते, असं मी चारचौघांत हसून सांगत असतो. रविवारी ती मला प्रयोगशाळा दाखवायला घेऊन गेली. काचेच्या नळ्या, तळाशी मक्याच्या पिठाची आंबूस खीर, वर कापसाचा बोळा. तिनं एक नळी टेबलावर आपटली. माशा खाली पडल्या आणि सरसर वर चढल्या. दुसरी आपटली, तर निम्म्या तळाशीच रेंगाळल्या. मी म्हणालो, या म्हाताऱ्या दिसतात. ती म्हणाली, "नाही बाबा, दोन्ही नळ्यांतल्या एकाच दिवशी जन्मलेल्या." माशीला आपल्यासारखी किडनी नसते म्हणे, पण हृदयाला लागून काही पेशी असतात, रक्तातली घाण गाळून घेणाऱ्या. वयाबरोबर त्या थकतात. दुसऱ्या नळीत त्या मुद्दाम लवकर बिघडवलेल्या होत्या. "गाळणी गेली की एकटी जात नाही, बाबा. सगळी माशीच वेळेआधी म्हातारी होते. जपली, तर जास्त दिवस जगते." हे सांगताना ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. चपलेचा पट्टा माझ्या सुजलेल्या पायात रुतला होता, तिकडं बघत होती.

मला मात्र तुमच्या शहागंजच्या दुकानातली शिडी दिसली. तार माळ्यावर असायची. शेवटच्या वर्षी तुम्ही चौथ्या पायरीवर थांबायचात आणि खाली बघून म्हणायचात, "सोच रहा हूँ, कौन सी तार लगेगी." मी मान डोलवायचो. उस्ताद, माझे कान तुम्हीच तयार केलेत. बंद दाराबाहेर उभा राहून मी सांगतो कोणत्या मोटरचं बेअरिंग गेलंय. तुमचा श्वास मला ऐकू येत नसेल असं वाटलं तुम्हाला?

मी एकोणीस वर्षांचा होतो, तुम्ही आडनाव न विचारता कामाला ठेवलंत. पहिल्याच दिवशी तुमच्या मडक्यातलं पाणी, तुमच्याच ग्लासातून, तुम्ही स्वतः ओतून दिलंत. आमच्या घरात त्या ग्लासाची गोष्ट आई मरेपर्यंत सांगत होती. आणि त्याच मडक्याला तुम्ही दुपारपर्यंत हात लावायचा नाहीत. तार गुंडाळायच्या यंत्रावरचा वेढे मोजणारा काटा बंद होता, म्हणून तुम्ही तोंडानं मोजायचात. पाणी प्यायलं की उठावं लागतं, उठलं की आकडा गेला. एकदा मी मधेच उठलो. परत आलो तर तुम्ही पकडीनं माझी अख्खी कॉइल कापत होतात. "बेटा, प्यास मरती नहीं आदमी को. गलत गिनती मारती है." लई मोठं वाक्य वाटलं तेव्हा. मी तेही पाठ केलं, जसे वेढे पाठ केले.

खोटं होतं ते. कंबर दुखते म्हणून रोज दोन गोळ्या, त्याही कोऱ्या चहासोबत. डॉक्टरकडे चला म्हटलं की एकच उत्तर: एवढी मोटर होऊ दे. मोटर झाली की दुसरी यायची. किडन्या गेल्यात हे कळलं, तेव्हा तुम्ही पायऱ्या चढायचंच सोडलं होतं. हॉस्पिटलात तुम्ही मला ते यंत्र देऊन टाकलंत. तुम्ही गेल्यावर मी त्याचा काटा उघडला. आत एका चाकाचे दात झिजलेले होते, बस. अर्ध्या तासात बसवलं मी. अख्ख्या शहराच्या मोटरी दुरुस्त करणारा माणूस स्वतःच्या यंत्राचं एक चाक बदलत नाही, का, तर गिऱ्हाईक उभं राहून बघायचं, वा उस्ताद, तोंडानं मोजतात. त्या वाहवाहीसाठी तुम्ही मेलात. हे मी कुणासमोर बोललो नाही. तुमच्या मय्यतीत तर सगळ्यांसारखं मीही म्हणालो, कसला मेहनती माणूस होता.

मी तुमच्यासारखा नाय. मुकुंदवाडीत माझं वर्कशॉप आहे, अकरा माणसं आहेत. दर तासाला घंटा वाजते, हातातलं काम ठेवून सगळ्यांनी पाणी प्यायचं. तुमचा नियम मी मोडला, आणि ताठ मानेनं सांगतो.

रविवारी परत येताना मुलगी म्हणाली, "बाबा, उद्या रक्त तपासायला चला." मी म्हणालो, एवढी ऑर्डर जाऊ दे. माझेच शब्द माझ्या कानांनी ऐकले, उस्ताद, आणि ओळखले. आज गुरुवार आहे.

सकाळी प्रयोगशाळेत जाताना तिनं एक बाटली भरून वर्कशॉपातल्या माझ्या टेबलावर ठेवली. तुम्हाला हे लिहायला बसल्यापासून बाहेर चार वेळा घंटा झाली. बाटली गळ्यापर्यंत भरलेली आहे.