उजवीकडचा ठोका

कोरीट,
४ मार्च २०२५

ती. रोहिणीताईस,
सा. न. वि. वि.

इथे फोन स्पीकरवर लावूनच बोलावं लागतं, म्हणून पत्र. उत्तर अंगणवाडीतल्या ममताबाईंच्या नावाने पाठव.

बाळाला जाऊन महिना झाला. मला रडू येत नाही. भाकरी थापते, गुरांना पाणी दाखवते, झोपते. डॉक्टर म्हणाले होते की हृदय उजवीकडे होतं आणि त्याची घडणही नीट नव्हती. सासूबाई साऱ्या गल्लीला सांगतात की इन्ही कूसच वाकडी शे. मला सोडून यांचं दुसरं लग्न लावायचं घाटतंय. हे नुसते ऐकून घेतात.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत तू माशांची डावी-उजवी बाजू बघत बसतेस, म्हणून आम्ही तुला किती हसायचो. आता खरं सांग, हे माझ्याकडून आलं का? मन राखायला काही लिहू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
प्रतिभा

लोणखेडा,
११ मार्च

चि. प्रतिभास,
अनेक आशीर्वाद.

जे दिसतं तेवढंच लिहिते. माझे पट्ट्यापट्ट्यांचे मासे बोटाच्या पेराएवढे. अंड्यातलं पिल्लू आरपार दिसतं. दुसऱ्या दिवशी त्याचं हृदय डावीकडे सरकतं. काहींचं उजवीकडे जातं. त्यातली बरीच मजेत पोहतात, काहींचं हृदय धड जुळत नाही, ती मरतात. अशा उजव्या हृदयाच्या, म्हणजे उलट्या नर-मादीची जोडी लावली, तरी निम्मी पिल्लं सुलटी निघाली. दोन सुलट्यांच्या पोटी उलटी निघाली, तेव्हा ते दोघांतही लपलेलं होतं. एकट्या मादीकडून आलं, असं माझ्या वहीत एकदाही नाही. तुझ्याबाबत मात्र तपासणीशिवाय ठाम सांगता येणार नाही.

धर्मेंद्ररावांना तपासायला घेऊन ये. तयार नसतील तर दुपारी आडवे झाले की छातीवर कान ठेव आणि ठोका कुठे लागतो ते बघ.

जेवत जा. उत्तर लिहायचा कंटाळा केलास तर मार खाशील.
तुझी ताई

कोरीट,
१४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कान लावला. डावीकडे काही लागेना. उजवीकडे ठोका होता, चांगला ठणठणीत. चार वर्षं संसार केला आणि मला पत्ता नव्हता.

उठल्यावर विचारलं. म्हणाले की लहानपणी छातीचा फोटो काढला तेव्हाच कळलं, पण मायनी सांगेल व्हतं, कोनले सांगानं नही. मग चहा मागितला. मी केला.

ताई, असं दोघांकडून येतं हे तू लिहिलंस, तेव्हा यांच्या हृदयाला मी दोष देत नाही. पण गल्लीत माझी कूस काढली जात होती तेव्हा हे शेजारीच बसलेले असत. राग यायला हवा, तोही येत नाही.

यांनी घरात सांगितलं असावं, कारण काल सासूबाई आपणहून म्हणाल्या की दुसऱ्या लग्नाचं आता काढणार नाही, तू सुखानं नांद, फक्त बाहेर बोलू नको.

तीस तारखेला अखाजी. सगळ्या लेकींसारखं मलाही न्यायला भाऊ येऊ दे. भाग्येशला एवढंच आधी सांगून ठेव की सण झाला तरी मला परत सोडायला यायचं नाही. बाळाची टोपडी तेवढी घेऊन येते.

तुझ्या खोलीत जागा ठेव.
प्रतिभा